‘गोवर निघू द्या’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

माझी भाची १० महिन्यांची झाली, तरी तिच्या लसीच्या कार्डावर नवव्या महिन्याचा गोवर-रुबेलाचा रकाना कोरा आहे. आशाताई दोनदा येऊन गेल्या. वहिनी म्हणाली, “ताई, आधी हे वाचा,” आणि मोबाइल पुढे केला. ‘लस नको, गोवर निघू द्या’ म्हणत पालकांना सावध करणारा तोच मेसेज, चार मुद्द्यांचा. आजवर दुर्लक्ष केलं, पण आता तो आमच्या बाळापर्यंत पोचलाय.

‘लसीने पुढे मूल होत नाही.’ पोलिओच्या डोसाबद्दलही हेच पसरवलं होतं. गोवराची लस आपल्या लसीकरणात १९८५ पासून आहे. तेव्हा टोचलेली पोरं आज आई-बाप आहेत, वहिनीसुद्धा लहानपणी ती घेतलेलीच. रुबेलाची लस तर पोटातल्या बाळासाठीच असते. गरोदरपणाच्या सुरुवातीला आईला रुबेला झाला, तर बाळ बहिरेपण, मोतीबिंदू, हृदयाचा दोष घेऊन जन्मू शकतं.

‘ऑटिझम (स्वमग्नता) होतो.’ हा संशय पेरणारा, १२ मुलांवरचा १९९८ चा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. विषय संपला.

‘गोवर निघाला की उष्णता बाहेर पडते, प्रतिकारशक्ती वाढते.’ हा सगळ्यात घातक मुद्दा, कारण आजीच्या तोंडचं वाक्य वाटतं. एकदा गोवर झाला की सहसा पुन्हा होत नाही, एवढं खरं. पण त्याची किंमत बघा. नेदरलँड्समध्ये लस न घेतलेल्या ७७ मुलांचं रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासलं. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात निष्कर्ष आले: आधी कमावलेल्या अँटिबॉडींपैकी (रोगजंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांपैकी) ११ ते ७३ टक्के नाहीशा झाल्या होत्या. पुरळ गेलं म्हणून आपण सुटकेचा श्वास घेतो, आणि पोर मात्र इतर आजारांपुढे उघडं पडलेलं असतं. मग न्यूमोनिया, जुलाब. २०२२ मध्ये मुंबईत, गोवंडीच्या बाजूला, गोवराने लेकरं दगावली. सहा महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस द्यायची वेळ आली.

‘सरकारी डोसावर भरवसा नाही.’ यवतमाळ जिल्ह्यात २०२१ मध्ये १२ मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं, हे नाकारत नाही. तो हलगर्जीपणा संतापजनकच होता. पण म्हणून डोस चुकवायचा नाही, समोर उभं राहून बघायचं. कुपीवरची मुदत वाचा. ही लस द्रावणात मिसळल्यावर चार तासांत वापरावी लागते, उरलेली टाकून देतात. कुपी किती वाजता उघडली, ते नर्सताईंना बिनधास्त विचारा.

वहिनी, नववा महिना चुकला म्हणून दार बंद होत नाही, पाच वर्षांपर्यंत हा डोस मिळतो. पण तोवर थांबू नकोस. पुढच्या सत्राला मी येते, कार्ड पिशवीत घालून ठेव.