‘अबोला धरा, श्रद्धा परत येईल’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘तुमचं मूल देव मानत नाही म्हणतंय? घाबरू नका, हे वाचा’ अशी सुरुवात असलेला एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. चार वेळा आला तेव्हा मी सोडून दिला. पाचव्यांदा तो माझ्या धाकट्या बहिणीने पाठवला आणि खाली लिहिलं, ‘दादा, आम्ही आता हेच करणार आहोत.’ तिचा मुलगा १७ वर्षांचा आहे. म्हणून हे उत्तर.

मेसेज म्हणतो: श्रद्धा उपजत असते, अश्रद्धा मात्र मित्रांच्या नादाने येते. खरे नास्तिक शेकडा तीन-चारच, बाकीचे मिरवणारे. संकटात नास्तिकालाही देव आठवतो. आणि उपाय काय, तर घरातल्या सगळ्यांनी मिळून अबोला धरा, पैसे बंद करा, नातेवाइकांसमोर जाब विचारा. महिनाभरात श्रद्धा परत येते.

हा उपायच आधी घेतो. बाकीचं नुसतं चुकीचं आहे, हे घातक आहे.

घरच्या अबोल्यापेक्षा कितीतरी मोठा दबाव एका सरकारने टाकून पाहिलाय, तोही उलट्या दिशेने. सोव्हिएत संघात १९१७च्या क्रांतीनंतर २० वर्षं लोकांच्या मनातून देव काढायचं काम चाललं होतं. प्रार्थनास्थळं बंद केली, धर्मगुरूंना छावण्यांत धाडलं, कित्येकांना गोळ्या घातल्या, शाळेत देव नाही असं शिकवलं. मग जानेवारी १९३७ मध्ये जनगणना झाली. त्यात १६ वर्षांवरच्या माणसांना धर्माबद्दल विचारलं. विचारणारा सरकारचा माणूस, उत्तर नावानिशी लिहून घेतलं जाणार, आणि राज्य स्टालिनचं. तरीही सुमारे साडेपाच कोटी लोकांनी, म्हणजे उत्तर देणाऱ्यांपैकी जवळपास ५७ टक्के लोकांनी, आम्ही देव मानतो असं सांगितलं. सरकारने जनगणनाच रद्द केली, ती घेणाऱ्या अधिकाऱ्यांना पकडलं, काहींना ठार मारलं. १९३९च्या जनगणनेत धर्माचा प्रश्नच ठेवला नाही.

उरलेल्या ४३ टक्क्यांचं काय? त्यांच्यात मनापासून देव न मानणारे किती आणि भीतीने नाही म्हणणारे किती, हे आज कुणालाच वेगळं काढता येणार नाही. दबावाखाली आलेल्या उत्तराची किंमत एवढीच असते.

स्टालिनपुढे न डगमगलेल्या आस्तिकांचा ज्यांना अभिमान वाटतो, त्यांनी आपल्या घरातल्या मुलाचं मन मात्र महिनाभराच्या अबोल्याने वळेल असं कशाच्या जोरावर धरून चालायचं? त्याचं मनही माणसाचंच आहे.

माझ्या भाच्याने गेली दोन वर्षं काय केलं ते सांगतो, त्याला विचारूनच. रोजच्या प्रार्थनेला तो सगळ्यांबरोबर उभा राहायचा. डोळे मिटलेले, हात जोडलेले, ओठ हलतायत. मी स्वतः शेजारी उभा होतो, मला काही वेगळं जाणवलं नाही. तो आतल्या आत सत्तावीसचा पाढा म्हणत होता. ‘मामा, आईला बरं वाटायचं,’ एवढंच म्हणाला. शेवटी त्याला हे खोटं सहन होईना, म्हणून त्याने आईला खरं सांगितलं. आता अबोला धरला तर तो पुन्हा हात जोडेल, यात मला शंका नाही. पण परत येईल तो पाढा.

‘तीन-चार टक्के’ हा आकडा थेट विचारून मिळतो. अमेरिकेत थेट विचारलं की साधारण ३ ते ११ टक्के लोक नास्तिक निघतात. विल गर्व्हे आणि मॅक्सीन नाज्ले या संशोधकांनी आडवळणाने विचारलं: निम्म्यांना साध्या विधानांची यादी, निम्म्यांना तीच यादी आणि देवाबद्दलचं एक विधान जास्तीचं. कुठलं विधान लागू पडतं ते सांगायचं नाही, किती ते फक्त सांगायचं. दोन गटांच्या सरासरीतल्या फरकावरून अंदाज निघाला २६ टक्क्यांचा. अंदाजच आहे, कमी-जास्त होईल. पण तीन-चारच्या आसपासही नाही.

संकटातल्या देवाबद्दल फार लिहीत नाही. ठेच लागली की आपण ‘आई गं’ म्हणतो, आई जवळ नसली तरी म्हणतो. आणि श्रद्धा उपजत असेलही, पण कुठल्या देवाला हाक मारायची हे मूल घरातच शिकतं ना?

मित्रांच्या नादाचा मुद्दा मात्र निम्मा खरा आहे, नाइलाजाने मान्य करतो. प्रार्थनेला जायचं असताना मैत्रिणींना ‘डॉक्टरकडे चाललेय’ असं सांगणारी मुलगी मी पाहिली आहे, कारण तिच्या गटात आस्तिकाला मूर्ख समजत. तोही दबावच, तितकाच वाईट. तिथे नास्तिक म्हणवून घेणारे सगळे मनापासून नास्तिक नसणार. पण यावरून मेसेजचा उपाय बरोबर कसा ठरतो? तिला मैत्रिणींशी खोटं बोलावं लागलं, तसं याला घरी बोलावं लागेल.

बहिणीशी काल तासभर बोललो. अबोला अजून सुरू झालेला नाही, पैशांचं ती बघते म्हणाली. मुलाची प्रवेशाची फी याच महिन्यात भरायची आहे. ती मी भरतोय, असं तिला सांगितलंय आणि ज्या नातेवाइकांनी हा मेसेज तिला पाठवला त्यांनाही कळवलंय.