24 तास राहणारी, सुट्टी न घेणारी

सकाळी आपल्या इंदूरच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर मेसेज आला. "आजोबांसाठी केअरटेकर पाहिजे. 24 तास राहणारी, सुट्टी न घेणारी, स्वैपाक येणारी, मराठी असल्यास उत्तम. पगार जास्त मागू नये." खाली भराभर अंगठे आणि दोन-तीन "आम्हालाही हवी आहे". एकालाही काही खटकलं नाही! सुट्टी न घेणारी म्हणजे काय हो? तिला घर नाही? तिची मुलं तापाने फणफणत नाहीत? दुपारपर्यंत गप्प बसले, आता नाही बसवत.

सासूबाईंना पॅरालिसिस झाला तेव्हा आमच्याकडे खरगोनकडची एक दीदी होती. दर दोन तासांनी ती त्यांची कूस बदलायची, रात्रीसुद्धा, मोबाइलला गजर लावून. दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाचा गादीला घासू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली दुमडलेला टॉवेल. एकदा पुसताना तिला माकडहाडापाशी रुपयाएवढा लाल डाग दिसला. बोटाने दाबून बघितला, लाली हटेना. मला म्हणाली, "भाभी, ये घाव बनेगा, हवावाला गद्दा मंगवा लो।" त्याच संध्याकाळी एअर मॅट्रेस आणली आणि डाग तिथेच थांबला. ज्यांनी बेडसोअर, म्हणजे एकाच जागी पडून राहून होणारी जखम, बघितलीय त्यांना कळेल ती काय टाळून गेली ते.

आणि या बाईला आम्ही एजन्सीला द्यायचो त्या 18 हजारातले 11 मिळायचे. नर्स नाही, घरकाम करणारी नाही, मग ती कोण? कुठल्याच रकान्यात बसत नाही म्हणून तिचा ना पीएफ, ना रजा, ना कोणी विचारणारं.

मान्य आहे, पेन्शनवर चालणाऱ्या घराला दोन शिफ्टच्या दोन बायका परवडत नाहीत. पण मग बोंब सरकारकडे मारा ना, तिच्या सुट्टीवर कात्री का?

सरकारचं म्हणाल तर 2024 पासून 70 वर्षांच्या पुढच्या सगळ्यांना आयुष्मानमध्ये घेतलं, वर्षाला 5 लाख, फार चांगलं झालं, माझ्या वडिलांचंही कार्ड काढलंय. पण ते पैसे अॅडमिट झालात तर. डिस्चार्ज देताना डॉक्टर सांगतात "आता घरीच सेवा करा", आणि तिथून पुढे डायपर, कॅथेटर, राइल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणारी नळी) दर काही तासांनी फीड, फिजिओ, अटेंडंट, सगळं तुमचं तुम्ही बघा. 2007 चा आईवडिलांचा कायदा आहे, त्यात वाऱ्यावर सोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. बरोबरच आहे. पण जी सोडत नाही, रात्र रात्र जागते, तिच्यासाठी काय आहे? जर्मनीत 1995 पासून आणि जपानात 2000 पासून अशा दीर्घकाळच्या सेवेसाठी वेगळा विमा आहे, जर्मनीत तर घरच्यांनी सांभाळलं तरी महिन्याचे पैसे मिळतात. हो, तिथले लोक त्यासाठी पगारातून हप्ता भरतात, ते माहितीये. केरळ तर आपल्याच देशात आहे ना? तिथे गावोगावी पॅलिएटिव्हची, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करणारी, माणसं घरी येऊन रुग्ण बघून जातात.

आणि ज्या घरात दीदी नाही तिथे कोण असतं, तुम्ही सगळे जाणता. सून. नाहीतर लग्न न झालेली मुलगी. माझ्या एका मैत्रिणीने आईसाठी शाळेतली नोकरी सोडली. इथल्या सानंद या मराठी संस्थेच्या नाटकांची सीझन मेंबरशिप दरवर्षी भरते आणि दर वेळी जागा दुसऱ्या कोणाला तरी देते. नातेवाईक येतात, चहा घेतात, "तू आहेस म्हणून काळजी नाही गं" म्हणतात आणि निघून जातात. तिच्या पाठीचा एमआरआय झालाय, हे त्यातल्या किती जणांना माहितीये?

आमची दीदी रात्री पलंगाखाली चटईवर झोपायची, ओढणीचं एक टोक सासूबाईंच्या मनगटाला सैल बांधायची, दुसरं स्वतःच्या हातात. म्हणे आवाज निघत नाही त्यांचा, हलल्या तर मला कळेल. सासूबाईंना बोलता येत नव्हतं, पण सकाळी ती अंघोळीला गेली की डोळे दाराकडे लावून बसायच्या. आम्ही सगळे घरात असायचो, तरी. लिहिताना भरून येतंय, राग कुठल्या कुठे गेला.

नाही, गेला नाही. तिची स्वतःची आई गावी आजारी पडली तेव्हा ती चार दिवस गेली आणि एजन्सीने चार नाही, आठ दिवसांचे पैसे कापले. आम्ही भांडलो, वेगळे दिले, पण प्रत्येक घर देईल का?

ऐका, मोठं काही आपल्या हातात नाही, एक गोष्ट आहे. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे अशी घरं आपल्या प्रत्येकाच्या गल्लीत आहेत. तिथे आठवड्यातून दोन तास जाऊन बसायचं, म्हणजे सांभाळणारी बाई, मग ती सून असो की दीदी, बाहेर पडू शकेल, झोपू शकेल. कूस कशी बदलायची ते मी शिकवते, अवघड नाही. सुदामा नगर, लोकमान्य नगर, अन्नपूर्णा या भागातले कोण तयार आहे? नाव आणि वेळ खाली लिहा, यादी मी ठेवते. माझे रविवारी दुपारी 3 ते 5.