आठ महिन्यांचा कुत्रा तुमचं राज्य घ्यायला बसलेला नाही

‘कुत्रा सात-आठ महिन्यांचा झाला की हाकेला येत नाही, शिकवलेलं विसरल्याचं सोंग करतो. त्याला घराचा म्होरक्या व्हायचं असतं. तेव्हाच त्याला पाठीवर पाडून मानगूट धरा, गुरगुरला तर जोरात दटावा, नसबंदी उरकून टाका. नाहीतर तो कायमचा हाताबाहेर जाईल.’ हा मजकूर गेल्या वर्षभरात मला तिघांनी पाठवला. तिघांच्याही घरी वयात येणारं पिल्लू होतं आणि तिघंही रडकुंडीला आले होते. म्हणून त्याला नीट उत्तर देतो.

हाकेला येत नाही हे खरं आहे. साधारण सहाव्या महिन्यापासून बहुतेक घरांत हे सुरू होतं. पण ते सोंग नाही. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अंधांना वाट दाखवण्यासाठी वाढवल्या जाणाऱ्या कुत्र्यांना ‘बस’ ही आज्ञा पाचव्या महिन्यात दिली आणि पुन्हा आठव्या महिन्यात. आठव्या महिन्यात ती स्वतःच्या माणसाचं कमी ऐकत होती. अनोळखी माणसाचं मात्र ऐकत होती. म्हणजे शिकवलेलं डोक्यात शाबूत होतं. ज्या कुत्र्यांचं आपल्या माणसाशी नातं आधीच असुरक्षित होतं, त्यांच्यात हा प्रकार जास्त दिसला. वर्षाच्या आसपास गाडी पुन्हा रुळावर येत होती. घरात तरुण मुलं वाढवलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल: बाहेर शहाणी, घरात आईबापांशी हुज्जत. कुत्र्याला सत्ताच हवी असती, तर परक्याचं त्याने इतक्या सहज का ऐकलं असतं?

‘म्होरक्या’ची कल्पना लांडग्यांवरून आली. रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 मध्ये बंदिस्त लांडग्यांच्या भांडणांचं वर्णन केलं, तिथून ती पसरली. पुढे ज्यांच्या लेखनामुळे ती घराघरांत पोचली, त्या डेव्हिड मेक यांनीच 1999 मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं. बापाला म्होरकेपण लढून मिळवावं लागत नाही. शिवाय आपल्या घरात आहे तो कुत्रा, लांडगा नव्हे.

आता पाठीवर पाडण्याबद्दल. या मजकुरातला सर्वांत घातक सल्ला हाच आहे. पेनसिल्वेनिया विद्यापीठातल्या तज्ज्ञांनी 2009 मध्ये 140 कुत्र्यांच्या मालकांची उत्तरं मांडली. ज्यांनी कुत्र्याला असं उलथं पाडून दाबलं होतं, त्यांच्यापैकी 31 टक्के जणांवर कुत्रा उलट धावून आला होता. मारणाऱ्यांत हे प्रमाण 43 टक्के होतं. ती कुत्री वर्तनाच्या तक्रारीसाठीच आणलेली होती, त्यामुळे हा आकडा सरसकट सगळ्या कुत्र्यांना लावू नये. पण हा सल्ला दिला जातो तो नेमक्या अशाच कुत्र्यांच्या मालकांना.

मी स्वतः हे एकदा केलंय. मोती नऊ महिन्यांचा होता. मोजा तोंडात धरून सोफ्याखाली शिरला होता. मी त्याला ओढून बाहेर काढलं आणि पाठीवर दाबून धरलं. तो ताठ झाला, कान मागे गेले, डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसू लागलं आणि फरशीवर थोडी लघवी झाली. मला वाटलं, शरण आला. दुसऱ्या दिवसापासून मी जवळ जाताना दिसलो की तो तोंडातली वस्तू सोडायच्या ऐवजी घाईघाईने गिळायला बघायचा. खाऊचा तुकडा देऊन वस्तू मागायची आणि जमेल तेव्हा ती त्यालाच परत द्यायची, असं कित्येक आठवडे केल्यावर त्याचा विश्वास परतला. तो दोष माझा होता, त्याचा नव्हे.

गुरगुरण्यावर दटावू नका. ती त्याची ‘थांब’ म्हणण्याची भाषा आहे. ती बंद पाडली की पुढच्या वेळी चावा इशाऱ्याशिवाय येऊ शकतो. या वयात भीतीही नव्याने डोकं वर काढते. रोज दिसणारी मिटलेली छत्री एके दिवशी त्याला राक्षस वाटते. ओढत जवळ नेऊ नका, लांबून बघू द्या.

नसबंदीने भटकणं, जागोजागी मुतणं, अंगावर चढणं बऱ्याचदा कमी होतं. पट्टा ओढणं, उड्या मारणं, हाक न ऐकणं हे मात्र तिने सुटत नाही, आणि भित्रा कुत्रा तिने धीट होतोच असं नाही. मोठ्या जातींत ती फार लवकर केली तर सांध्यांचा त्रास वाढू शकतो. गोल्डन रिट्रीव्हरवरच्या अभ्यासात तसं आढळलं आहे. म्हणून ती कधी करायची हे आपल्या कुत्र्याला तपासणाऱ्या पशुवैद्याशी बोलून ठरवा, वैतागाच्या भरात नको.

‘कायमचा हाताबाहेर’ यात मात्र अर्धं सत्य आहे. हे वय सरतं: लहान जातींत वर्षाच्या आसपास, मोठ्या जातींत दीड-दोन वर्षांनी. पण त्या काळात तो रोज जे करतो, तेच अंगवळणी पडतं. दहा वेळा हाक मारून दहाही वेळा तो आला नाही, तर त्या हाकेला अर्थ उरत नाही. म्हणून मोकळ्या जागी पाच-दहा मीटरची लांब दोरी, गळपट्ट्याला नव्हे तर छातीच्या पट्ट्याला बांधलेली. येईल अशी खात्री असेल तेव्हाच हाक मारायची. आला की खाऊ द्यायचा आणि पुन्हा खेळायला सोडायचं. नाहीतर ‘ये’ म्हणजे खेळ संपला, हे तो चटकन शिकतो. चावायला हक्काच्या वस्तू आणि दुपारची शांत झोप यांनीही खूप फरक पडतो. संध्याकाळी घरभर धिंगाणा घालणारं पिल्लू बऱ्याचदा दमलेलंच असतं.

वागणं अचानक बदललं, हात लावताच तो कळवळला किंवा कुणाला चावला, तर आधी पशुवैद्याकडे जा. दुखणाऱ्या कुत्र्याला शिस्त लावता येत नाही.

मोती आता तीन वर्षांचा आहे. मोजे अजूनही पळवतो. मी हात पुढे केला की येतो आणि हातावर ठेवतो.