डांग्या खोकला ‘रक्तात’ असतो म्हणे!

फॅमिली ग्रुपवर तोच फॉरवर्ड तिसऱ्यांदा आला म्हणून लिहितेय. त्यात म्हटलंय की डांग्या खोकला ज्यांच्या रक्तात असतो त्यांनाच होतो, घराण्यात कुणाला झाला नसेल तर बाळाला ट्रिपलची (डांग्या खोकला, घटसर्प, धनुर्वात या तिन्हींच्या लसीची) सुई टोचायची गरज नाही, आणि एकदा होऊन गेला की जन्मभर परत होत नाही. मावशी, राग मानू नका, पण तिन्ही गोष्टी गंडलेल्या आहेत.

‘एका घरात सगळ्यांना होतो म्हणजे आनुवंशिकच.’ अहो, एका खोलीत झोपतात म्हणून होतो! बोर्डेटेला पर्टुसिस नावाचा जंतू आहे तो, 1906 मध्येच सापडलाय, खोकल्याच्या तुषारांतून पसरतो आणि लस नसलेल्या घरच्यांपैकी शंभरात ऐंशी-नव्वद जणांना धरतो. दुसऱ्या घराण्यातून आलेल्या सुनेलाही धरतो, तिच्या रक्तात कुठून आला मग?

आता जीन्सचा काहीच संबंध नाही असंही नाही हं. आपल्या पेशींवर टीएलआर-4 नावाचा एक पहारेकरी असतो, जंतूचं बाहेरचं आवरण ओळखून आरडाओरडा करणारा, त्याच्या जीनमधले बारीक फरक आणि डांग्या खोकला यांचा संबंध हॉलंडच्या संशोधकांना दिसलाय. पण हा फरक उन्नीस-बीसचा, आणि ‘आमचे जीन्स स्ट्राँग’ हे तुम्ही नुसतं आडनाव बघून कसं ठरवता हे मला खरंच कळत नाही.

जपानचं बघा. 1974 मध्ये साधारण 80 टक्के मुलांना लस मिळत होती, वर्षभरात 393 केसेस, मृत्यू शून्य. मग लसीनंतर दोन बाळं दगावल्याच्या बातमीने लोक घाबरले, 1976 पर्यंत लसीकरण 10 टक्क्यांवर आलं, आणि 1979 मध्ये 13 हजारांवर केसेस, 41 मृत्यू. पाच वर्षांत अख्ख्या जपानचे जीन्स बदलले का?

‘एकदा झाला की जन्मभर नाही’ हेही चूक, होऊन गेल्यावरची प्रतिकारशक्ती 4 ते 20 वर्षांत ओसरते. लसीचीही ओसरते, म्हणून तर दीड वर्षाला आणि पाच वर्षांना बूस्टर असतो.

आणि मोठ्यांना झाला तर तो ‘हूऽप’ आवाज येईलच असं नाही, नुसता महिना-दोन महिने न हटणारा खोकला, आपण आलं-मध चाटत बसतो आणि त्याच तोंडाने नातवाची पापी घेतो. तान्ह्या बाळाला तर कधीकधी खोकलाही येत नाही, श्वासच थांबतो, ओठ निळे पडतात. पहिला डोस सहाव्या आठवड्यात, त्याआधी त्याच्याकडे फक्त आईकडून आलेल्या अँटीबॉडीज, म्हणून गरोदरपणात 27 ते 36 आठवड्यांत टीडॅप, म्हणजे याच तीन आजारांवरची मोठ्यांची लस, घेतात. पुढच्या महिन्यात ताईचा सातवा संपतोय, तिने डॉक्टरांना विचारलंय.