भोसरीही गाठायची आणि आंबा घाटही चढायचा: जुनी मोटरसायकल निवडताना

गेल्या दोन महिन्यांत ओळखीतल्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. एक लाखाच्या आत जुनी मोटरसायकल घ्यायची आहे, रोज तिच्यावरच कामाला जायचे आहे आणि वर्षातून तीन-चार वेळा कोकणात किंवा गोव्याला जायचे आहे, तर कोणती घ्यावी? तिघांच्याही मनात साडेतीनशे सीसी किंवा त्याहून मोठी गाडी आधीच भरली होती. माझे मत वेगळे आहे, २०० ते २५० सीसीची गाडी पुरते असे, आणि ते सविस्तर मांडावे असे वाटले, म्हणून ही पोस्ट.

मी वारजे ते भोसरी असा रोजचा प्रवास करते, जाऊन-येऊन ४५ किलोमीटर. महिन्याचे २५ दिवस धरले तर वर्षाचे साडेतेरा हजार किलोमीटर होतात. चार सहली, प्रत्येकी सातशे किलोमीटरच्या, म्हणजे आणखी २,८००. गाडीच्या आयुष्यातले पाचपैकी चार भाग किलोमीटर बायपासच्या गर्दीत आणि नाशिक फाट्याच्या सिग्नलला, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जाणार आहेत. सहलीचे फोटो राहतात, पण गुडघे आणि मनगटे या चार भागांचा हिशेब ठेवतात. माझ्या सहकाऱ्याची मोठी गाडी त्याच रस्त्यावर लिटरला ३० देते, माझी २५० सीसीची ३८ देते, आणि रोजच्या प्रवासातच वर्षाला हा फरक सुमारे ९५ लिटर पेट्रोलचा होतो.

उरलेल्या पाचव्या भागासाठी तरी मोठे इंजिन हवेच ना, असे विचारले जाते. आपल्याकडचे रस्ते पाहा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, समृद्धी महामार्गावरही बंदी आहे. म्हणजे मोठ्या इंजिनाला मोकळे सोडण्यासारखे जे रस्ते आहेत ते आपल्यासाठी नाहीतच. आपल्या वाट्याला जुना मुंबई-पुणे रस्ता, बंगळूर महामार्ग, मुंबई-गोवा महामार्ग आणि सह्याद्रीतले घाट येतात. ताम्हिणी असो, कुंभार्ली असो की आंबा, तिथे कामाला येते ती कमी वेगातली ओढ, नीट लागणारे ब्रेक आणि वळणावर सहज झुकणारे, आवरता येणारे वजन. पावसाळ्यात धुक्यात शेवाळलेल्या कडेला गाडी उभी करून पुन्हा वळवायची वेळ आली की दीडशे किलो आणि दोनशे किलो यांतला फरक कळतो, आणि तो कागदावर वाचून कळत नाही.

म्हणून माझी निवड २०० ते २५० सीसीच्या, हवेने किंवा ऑइलने थंड होणाऱ्या, एक सिलिंडरच्या, मिश्रधातूच्या चाकांच्या गाड्यांपुरती राहिली. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचे झाले, त्यामुळे शक्यतो त्यानंतरचीच गाडी पाहावी, हा मी स्वतःला घालून दिलेला पहिला नियम होता. हिमालयन ४११ मी मनापासून पाहिली. घाटातल्या खड्ड्यांसाठी ती उत्तम आहे, पण तिचे वजन दोनशे किलोंच्या घरात जाते आणि तारांच्या चाकांमुळे टायरमध्ये ट्यूब असते. रात्री आठ वाजता साखरप्याच्या अलीकडे पंक्चर झाले तर ट्यूबलेस टायरमध्ये मी स्वतः दहा मिनिटांत पट्टी भरू शकते, ट्यूब असेल तर चाक उतरवावे लागते. पल्सर २२० माझ्या यादीत शेवटपर्यंत होती. तिचे सुटे भाग कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतात, तिच्यावर काम केलेला मेकॅनिक प्रत्येक नाक्यावर असतो, आणि पुढच्या कवचामुळे महामार्गावर छातीवर वारा कमी येतो. पण मी पाहत होते त्या गाड्यांना एबीएस फक्त पुढच्या चाकाला होते. यामाहा एफझेड-२५ ला २०१९ पासून दोन्ही चाकांना एबीएस मिळाले. चौदा लिटरची टाकी, सुमारे २० हॉर्सपॉवर, माझ्या उंचीला पाय टेकतील अशी ७९५ मिलिमीटरची सीट. पाचच गिअर आहेत, सहावा असता तर महामार्गावर इंजिन अधिक शांत राहिले असते, ही उणीव मला मान्य आहे. तरीही घाटातल्या ओल्या उताराचा विचार करून मी तिच्यावर थांबले.

मॉडेल ठरवणे हा मात्र सोपा भाग होता. सांगलीला एका गाडीसाठी मी सकाळी सात वाजता पोहोचले. फोटोत गाडी लखलखीत होती. पोहोचल्यावर आधी सिलिंडरच्या फिन्सवर (इंजिन थंड ठेवणाऱ्या पात्यांवर) तळहात ठेवला, तर ते कोमट लागले. "ताई, तुमच्यासाठीच गरम करून ठेवली," असे मालक म्हणाले, आणि माझ्यासाठी विषय तिथेच संपला, कारण जुन्या इंजिनाचे सगळे खरे बोलणे थंड असताना पहिल्या मिनिटात ऐकू येते: टॅपेटची, म्हणजे इंजिनातल्या झडपांच्या भागांची, टिकटिक किती वेळ राहते, निळा धूर येतो का, सेल्फ एकदाच मारून सुरू होते का. दुसरी गाडी साताऱ्याला होती, तिच्या मालकांना मी आदल्या रात्रीच विनंती करून ठेवली होती. गाडी थंड होती, एका दाबात सुरू झाली, आणि मी विचारण्याआधीच त्यांनी हँडलच्या उजव्या टोकावरचा ओरखडा दाखवून ती कुठे आणि कशी पडली ते सांगितले. मग मी दोन्ही पायांमध्ये पुढचे चाक धरून हँडल सरळ आहे का ते पाहिले, मध्यावर कुठे अडकते का म्हणून ते दोन्ही बाजूंना सावकाश फिरवले, कारण कोनसेट (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग) गेला असेल तर तो नेमका मध्यावर अडकतो. मागच्या स्प्रॉकेटवरची (चाकाच्या दातेरी चकतीवरची) साखळी मागे ओढून पाहिली, ती निम्मा दात दिसेल इतकी सुटत होती, म्हणजे चेन-स्प्रॉकेट बदलायचे. टायरच्या कडेवरचे चार अंक वाचले: ०८१९, म्हणजे २०१९ सालचा आठवा आठवडा. रबर कितीही जाड दिसले तरी हे टायर काढायचेच होते. या दोन गोष्टी समोर ठेवल्यावर किंमत ९२ वरून ८५ हजारांवर आली, आणि घासाघीस करावी लागली नाही.

समुद्रकाठची गाडी पाहायला गेलात तर साइड स्टँडचा सांधा, टाकीची खालची कड आणि सायलेन्सर जिथे इंजिनाला जोडतो ती जागा आधी पाहा. खारी हवा तिथून खायला सुरुवात करते.

कागदपत्रांबद्दल मी कळकळीने सांगते, कारण त्याचा चटका मी सोसला आहे. २०१६ साली एका विक्रेत्याकडून पहिली जुनी गाडी घेतली, "नाव महिन्यात चढेल" या शब्दावर पूर्ण पैसे दिले, आणि आठ महिन्यांनी कळले की गाडीवर बँकेचा बोजा तसाच आहे. त्या काळात अपघात झाला असता तर मी काय केले असते, याचा विचार आजही नकोसा वाटतो. आता मी आरसीवरचा बोजा, ई-चलनाची थकबाकी, विमा आणि पीयूसी आधी ऑनलाइन तपासते, बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देत नाही, आणि गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ व ३० वरच्या सह्या समोर बसून घेते. विमाही चौदा दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्यावा. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल मिळणारी विम्यातली सवलत) तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याकडेच राहतो, म्हणून विम्याचा खर्च आधीच धरून ठेवा. गाडी पंधरा वर्षांची होत आली असेल तर पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर पुढ्यात उभे असतात, एप्रिल २०१९ आधीची असेल तर नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का तेही पाहा.

लाखाचे बजेट म्हणजे लाखाची गाडी नव्हे. मी पंधरा हजार बाजूला ठेवले होते आणि ते सगळे लागले: दोन टायर, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक पॅड, पुढच्या फोर्कचे (सस्पेन्शनचे) ऑइल आणि सील, पेट्रोलची नळी. नळी यासाठी की आता पंपावर मिळणाऱ्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा त्रास जुन्या रबराला होतो. त्यानंतर जुलैत मागे बहिणीला बसवून आणि दोन बॅगा बांधून कराड-मलकापूरमार्गे आंबा घाटातून रत्नागिरीला गेले. घाटात तिसऱ्या गिअरच्या खाली फारसे यावे लागले नाही, आणि सोमवारी सकाळी तीच गाडी नेहमीप्रमाणे भोसरीच्या गेटवर उभी होती.

पुणे किंवा सातारा भागात कुणी गाडी पाहायला जाणार असेल आणि सोबत हवी असेल तर रविवारी सकाळी मी येईन. विक्रेत्याला मात्र, आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका, असे आदल्या रात्रीच कळवून ठेवा.