डायपर कधी सुटणार?

"पोऱ्या दीड वरीसना व्हयना, अजून डायपर?" चोपड्याहून व्हिडिओ कॉल आला की आईचा पहिला प्रश्न हाच. तिच्या मते आम्ही भावंडं चालायला लागायच्या आतच शी-शूचं सांगत होतो. जळगावच्या वहिनीचं उलट: डॉक्टर म्हणालेत, दोन वर्षांआधी मागे लागू नका. घरच्या ग्रुपवर यावरून दोन तट पडलेत आणि इकडे नेदरलँड्समधल्या आइंटहोवनमध्ये मला दोन्हीकडून साक्षीला ओढलं जातं.

मला वाटतं, हे भांडण वयाचं नाहीच. आईच्या पद्धतीत तयारी मोठ्यांची असते. आजी अंगणात पाय पसरून बसायची, पावलांमध्ये फट ठेवून त्यावर बाळाला बसवायची आणि तोंडाने शूऽऽ करायची. बाळ उठलं की, दूध प्यालं की, लगेच. चुकलं तर फरशीवर बादलीभर पाणी. मे महिन्याच्या उन्हात लंगोट बघता बघता वाळून कडक. मात्र त्यासाठी दिवसभर बाळावर डोळा ठेवणारं माणूस लागतं. ते माणूस म्हणजे आजी नाहीतर सून, हे आई सांगत नाही.

वहिनीचे डॉक्टर मुलाची तयारी बघतात: दोनेक तास कोरडं राहतं का, चड्डी खाली ओढता येते का, लागल्याचं सांगतं का. जबरदस्ती न करता मुलाच्या कलाने घ्या, हे अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ मध्ये मांडलं. पँपर्स बाजारात आले ते १९६१ मध्ये, आणि पुढे हेच डॉक्टर पँपर्सच्या जाहिरातीत दिसले. आईला यात काळंबेरं वाटलं तर मी तिला दोष देणार नाही. पण म्हणून सल्ला खोटा ठरत नाही. रागावलं की मुलं शी दाबून धरतात, ती घट्ट होते, दुखते, मग आणखी दाबतात. "आमचा तर वर्षाचा असतानाच सांगायचा" ही फुशारकी म्हणूनच मला नको वाटते.

इथे मूल चार वर्षांचं झालं की शाळेत जातं आणि तोवर ते सांगणारं असावं, अशी शाळेची अपेक्षा असते. घाई कुणालाच नाही, पण सूटही कायमची नाही. आजीची पद्धत मात्र इथे चालायची नाही. हिवाळ्यात जाकीट, पँट, आत लेगिंग. एवढं उतरवेपर्यंत काम झालेलं असतं. संडास जिन्याखालच्या गार खोलीत, भिंतीवर नातेवाइकांच्या वाढदिवसांचं कॅलेंडर (डच लोक ते तिथेच का लावतात, देव जाणे).

तेव्हा आमच्याकडे सध्या इतकंच: पाय जमिनीला टेकतील अशी बुटकी पॉटी, पोटात अन्न गेलं की आतडी हलतात म्हणून जेवणानंतर थोडा वेळ बसवणं, आणि इलास्टिकच्या चड्ड्या. एप्रिलमध्ये चोपड्याला येतोय. डायपर सोडवायला ते घर उत्तम: फरशी, ऊन, हाताशी माणसं. फक्त फरशी पुसणाऱ्यांत बाबा आणि पोराचा बापही हवेत, एवढं मी आईला आधीच कळवलंय.