फणस आपलाच, हे सिद्ध करण्याची शास्त्रोक्त पद्धत

मे महिन्यात गावी गेलात की गडग्यावरच्या, म्हणजे तुमच्या आणि शेजाऱ्याच्या हद्दीतल्या दगडी बांधावरच्या, फणसावर लगेच हक्क सांगून टाका. आधी खात्री बाळगावी, कारणं सवडीने गोळा करावीत. उलट क्रमाने जाणारी माणसं फणस न खाताच मुंबईला परततात.

शेजारी विचारणार, “कशावरून?” तुम्ही कारण द्याल, तो पुन्हा विचारील, “ता कशावरून?” यातून वाटा तीनच: कारणांमागे कारणं देत राहायचं, गोल फिरायचं, नाहीतर कुठेतरी ठाण मांडायचं. ही कोंडी अग्रिप्पा नावाच्या ग्रीक संशयवाद्याच्या नावावर आहे. आपल्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांनी, पहिल्या दोन वाटांना अनवस्था आणि चक्रक अशी नावं दिली, तीही दोष म्हणून. तुम्ही ती उपाय म्हणून वापरा.

सर्वांत सोपं ठाण मांडणं. देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने १६४१ साली दिसेल त्या गोष्टीवर शंका घेतली आणि शंका घेणारा मी तरी आहे, एवढ्यावर येऊन तो थांबला. ज्ञानाची इमारत पक्क्या पायावर हवी, म्हणून हा खटाटोप. तुम्हाला इतकं खोल खणायचं कारण नाही, तुमच्याकडे आजोबा आहेत. “ह्यो फणस आमच्या आज्यान लावल्यान!” झाला पाया. आजोबा हयात नसावेत, एवढीच अट.

शेजारी कागद मागू लागला तर अनवस्थेकडे वळा. पीटर क्लाइन नावाचे तत्त्वज्ञ म्हणतात की कारणांची साखळी संपत नाही यात बिघडलं काय? त्यांनी कोकणातला सातबारा पाहिला नसावा, तरी अंदाज बरोबर आहे. सातबारा कशावरून? फेरफारावरून. फेरफार कशावरून? वारसनोंदीवरून. ती कशावरून? तुमच्या चुलतआजोबांनी तलाठ्याला जे सांगितलं त्यावरून, आणि त्यांना कोणी सांगितलं ते विचारायला आता कोणाकडे जाणार? शिवाय बावीस सहहिस्सेदार, त्यातले निम्मे बोरिवलीत. इथे दोन वाक्यं पाठ असू द्या. जमीन महसूल संहिता १९६६, कलम १५७: अधिकार अभिलेखातली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानायची. आणि दुसरं, सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलेलं: महसुली नोंदीने मालकी मिळत नाही. पहिलं वाक्य तुमच्या उताऱ्यासाठी, दुसरं शेजाऱ्याच्या.

कागद कमी पडले तर सुसंगतिवाद. एकेक समजूत लंगडी असली तरी चालेल, सगळ्या एकमेकींना धरून उभ्या राहिल्या की पुरे. आत्या म्हणते फणस आपला, काका म्हणतात आत्याला विचारा, वहिनी म्हणते काका खोटं कशाला बोलतील. तिघांनाही ते तुम्हीच सांगितलंत, हे बोलायचं नाही. लॉरेन्स बॉनजूर या तत्त्वज्ञांनी १९८५ साली याच मताची जोरदार वकिली केली आणि पुढे स्वतःच पक्का पाया मागणाऱ्या पायावाद्यांच्या गोटात गेले. तेव्हा गरज पडली तर तुम्हीही खुशाल परत आजोबांकडे जा.

हेही फसलं तर देवळात. आल्विन गोल्डमन या तत्त्वज्ञांनी १९७९ साली मांडलं की समजूत विश्वासार्ह प्रक्रियेतून आली असेल तर ती समर्थनीय. कारणं तुम्हाला सांगता आली पाहिजेत असंही नाही. मग कौलाइतकं सोयीचं काय? गुरव देवाला पाकळ्या लावील, गाऱ्हाणं घालील, आणि कुठल्या बाजूची पाकळी पडते त्यावरून देवाचा होकार की नकार ते ठरेल. उजवा कौल मिळाला तर प्रक्रिया विश्वासार्ह. डावा मिळाला तर पाकळी ओली होती.

आता एक धोका. एवढं करून फणस खरोखरच तुमचा निघाला तर? समजा, आजोबा बोलले होते ते खालच्या वाडीतल्या फणसाबद्दल, पण हाही तुमच्याच हद्दीत आहे. म्हणजे तुमची समजूत खरी, कारणही बरं, तरी ते ज्ञान नव्हे. जुळलं ते नशिबाने. एडमंड गेटियर या तत्त्वज्ञांनी १९६३ साली अशीच उदाहरणं जेमतेम तीन पानांत दिली आणि तेव्हापासून विद्वान त्यावर हजारो पानं लिहीत आहेत. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. फणस बरका आहे की कापा, यावर त्याचा काही परिणाम होत नाही.

शेवटी शेजारी मोजणीचा अर्ज करील. मोजणी मान्य आहे का, असं कोणी विचारलं तर “आधी होव दे” म्हणा. भूकरमापक खुणा करून गेला की त्या खुणा कोणत्या बाजूला पडल्या ते बघा, आणि मग मोजणीवर विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवा.